मुदत अर्ज घेऊन लष्करी कोर्टात

खालापूर आणि कर्जतच्या कोर्टांत मी अठ्ठावीस वर्षं वकिली करतोय. वकिलांच्या खोलीत माझं कौतुक होतं ते एकाच गोष्टीसाठी: न्यायाधीश कोणीही असोत, मी पुढची तारीख मिळवतोच. पाठीत उसण भरली, घाटात गाडी अडकली, एकदा तर अशिलाची म्हैस अडली म्हणूनही मी मुदत मागितली आहे आणि मिळवली आहे. समोरची पार्टी थकते, साक्षीदार विसरतात, फिर्यादी म्हातारा होतो आणि एक दिवस प्रकरण निवतं. याला आम्ही थंड करून खाणं म्हणतो. माझ्या काही अशिलांना ते शिळंच खावं लागलं, ही गोष्ट वेगळी.

तर कशेळ्याच्या पुढच्या गावातली एक बाई जीपने कर्जतला उतरून माझ्या ऑफिसात आली, तेव्हा मी तिला ओळखलं. तिच्या दिराची बांधाची मारामारी माझ्याकडे अकरा वर्षं चालू आहे. त्याच तारखेबद्दल विचारायला आली असेल म्हणून मी सवयीने डायरी ओढली. तिने पिशवीतून वेगळेच कागद काढले. तिचा नवरा सैन्यात हवालदार. त्याने सुभेदाराच्या डोक्यात रायफलचा दस्ता घातला, असा आरोप होता आणि खटला लष्करी न्यायालयात चालणार होता.

“तुरुंग व्हईल म्हणतात. नोकरी जाईल, पेन्शन जाईल,” ती म्हणाली. “त्यांनी मारलं नाय, वकीलसाहेब. सकाळी भांडण झालं व्हतं, ते खरं. पण सुभेदार संध्याकाळी लंगरच्या, म्हंजी त्यांच्या सयपाकघराच्या, मागच्या पायरीवरून घसरला. तिथल्या सयपाक्यानं डोळ्यांनी बघितलं. तो आता रिटायर हाय, साताऱ्याकडं गावी असतो. त्याचा नंबर आणलाय.”

मी चिठ्ठी घेतली आणि फाइलच्या शेवटच्या पानाला टाचली. आमच्याकडे बचावाच्या साक्षीदाराची पाळी यायला तीन-चार वर्षं सहज लागतात. “बघू पुढच्या तारखेला,” मी म्हणालो. त्यानंतर दोनदा तिचा फोन आला आणि दोनदा मी तेच उत्तर दिलं.

मधल्या काळात मी स्वस्थ बसलो होतो असं मात्र कोणी म्हणू नये. मी नवा कोट शिवला. पाटीवर नावाखाली ‘लष्करी प्रकरणे’ असं रंगवून घेतलं. सैन्याच्या कायद्याचं जाड पुस्तक मागवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं टेबलावर ठेवलं. ते उघडलं फक्त एकदा, मालकाचं नाव लिहायला.

दोन रात्रींचा प्रवास करून मी त्या छावणीच्या गावी पोचलो. सोबत एक शर्ट, परतीचं त्याच संध्याकाळचं तिकीट आणि घरूनच टाइप करून आणलेला मुदत अर्ज. कारण म्हणून ‘अभ्यासास वेळ मिळाला नाही’ लिहिलं होतं. निदान ते तरी खरं होतं.

कोर्ट बरोबर दहाला सुरू झालं. मला वाटलं होतं, दहा म्हणजे साडेअकरा. समोर गणवेशातले पाच अधिकारी, बाजूला त्यांना कायदा सांगणारा सहावा. हवालदार ताठ उभा होता. सरकारी पक्षाचे सगळे साक्षीदार बाहेर हजर होते, सगळे एकाच दिवशी. असा चमत्कार मी खालापुरात पाहिलेला नाही. मी उठलो, कमरेत वाकलो आणि अर्ज पुढे केला.

मुख्य अधिकाऱ्यांनी तो शांतपणे वाचला. मग त्यांनी मला विचारलं की, इथे खटला रोज चालतो आणि संपेपर्यंत चालतो, हे मला माहीत आहे ना. मी हो म्हणालो. त्यांनी मला दुपारी दोनपर्यंत वेळ दिला. अठ्ठावीस वर्षांतली ही माझी सगळ्यात छोटी तारीख.

ते चार तास मी हवालदारासमोर बसलो. त्याच्याकडे वही होती. जबाबांप्रमाणे कोण कुठे उभं होतं, पायरीपासून किती पावलांवर, दिवा कुठे होता, सगळं रेघा मारून काढलं होतं. मी पहिल्यांदाच हा खटला वाचत होतो आणि तो ते बघत होता. मला लाज वाटली.

“साहेब, त्या सयपाक्याचं काय केलंत?” त्याने विचारलं.

फाइलच्या शेवटच्या पानाला ती चिठ्ठी तशीच होती. खोटं बोलायला जीभ उचलेना. “मी त्याला बोलावलंच नाही,” मी म्हणालो.

त्याने वही मिटली आणि खिडकीकडे बघत बसला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोनला सरकारी साक्षीदार उभा राहिला. शस्त्रागाराच्या दारातून मारताना पाहिलं म्हणणारा तो एकटाच, आणि सुभेदाराला त्या संध्याकाळचं काहीच आठवत नव्हतं. मी वहीतले प्रश्न जसेच्या तसे विचारले. शस्त्रागाराच्या दारातून मागची पायरी दिसते का, मधे पाण्याची टाकी आहे का, दिवा कधी लागला. साक्षीदार अडखळू लागला. दुसऱ्याच्या वहीवर मी हुशार ठरत होतो. तरी पडताना पाहिलेला माणूस नव्हता आणि त्याशिवाय सगळं अधांतरी होतं.

दुसऱ्या दिवशी बचावाची पाळी आली. साक्षीदार आहे का, असं मला विचारलं. माफी मागायला मी उठलोच होतो, तेवढ्यात दारावरच्या जवानाने चिठ्ठी आणून दिली. बाहेर एक बाई आणि एक म्हातारा दोन तासांपासून बसले होते.

ती साताऱ्याला स्वतः जाऊन स्वयंपाक्याला घेऊन आली होती. त्याने साधी साक्ष दिली: सुभेदारसाहेब घसरले, मी पातेलं टाकून धावलो, हवालदार तेव्हा जवळपासही नव्हता. आधी का बोलला नाहीत, असं विचारल्यावर तो म्हणाला, “चौकशीत कुणी विचारलंच नाही, आणि चार दिवसांनी मी रिटायर होऊन घरी गेलो.”

पाचव्या दिवशी निकाल लागला: दोषी नाही. त्यावर वरच्या अधिकाऱ्यांची मंजुरी यायची होती, ती पुढे आली. हवालदाराने पाचही अधिकाऱ्यांना सॅल्यूट ठोकला आणि बाहेर येऊन बायकोसमोर लहान मुलासारखा रडला. मीही रडलो. मग सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं आणि मी ते घेतलं, काय सांगू.

स्टेशनवर मी तिला विचारलं, “ताई, साक्षीदार आणताय हे मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तुमी म्हणाला असता, पुढच्या तारखेला आणा,” ती म्हणाली. “दिराच्या केसला अकरा वर्षं तुमच्या मागं बाकावर बसलेय मी. तुमाला वळखते.”

“मग मला कशाला आणलंत?”

“दुसरा वकील कुटं हाय आमच्या वळखीचा?”

तिचा आवाज जराही चढला नव्हता. मग म्हणाली, “येत्या मंगळवारी दिराची तारीख हाय. सासरे निकालाची वाट बघत गेले. ह्या टायमाला मुदत मागू नका.”

मी डायरी काढली. मंगळवारच्या पानावर दिराचं नाव होतं आणि पुढे माझ्याच अक्षरात महिन्याभरापूर्वी लिहिलेलं: मुदत अर्ज, कारण पाठदुखी. ती माझ्या खांद्यावरून ते वाचत होती.