हात अंगाशी

लहान मुलांचा गालगुच्चा घेणाऱ्या माणसांचा मला आजही राग येतो. मूल रडलं नाही म्हणजे त्याला आवडलं, असं यांना कोणी सांगितलं कोण जाणे.

नव्वदीच्या सुरुवातीला वडिलांना रोह्याच्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही पेण सोडून रोह्याच्या नदीपलीकडच्या अष्टमी गावात राहायला आलो. पेणला आमच्या घरातच गणपतीचा कारखाना होता. पडवीपासून आतल्या खोलीपर्यंत ओल्या रंगाच्या मूर्ती, आणि त्यांच्यातून वाट काढत आम्ही पोरं वाढलो. चालता येऊ लागलं की पहिली शिकवण हीच, "हात अंगाशी धर. हलू नको." धक्का लागला तर घरच्यांची दिवसभराची मेहनत वाया. त्यामुळे कुठेही काही बिनसलं की मी आपोआप हात अंगाला चिकटवून उभी राहायचे.

रोह्याच्या शाळेत दुसरीला माझ्या बाकावर जी मुलगी होती, तिला हात आवरतच नसत. गळ्यात पडायची, वेणी ओढायची, गाल दाबायची, डबा खाताना सरळ मांडीवर येऊन बसायची. माझ्या अंगावर शहारे यायचे आणि मी हात अंगाशी धरून गप्प. बाई कौतुकाने म्हणायच्या, "बघा, नवीन मुलीशी कशी गट्टी जमली!" आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मायेनं करते गो ती. तिला तोडू नको. इथं आपल्या ओळखीचं हाय कोण?" आईचंही खरं होतं. ती मुलगी माझी एकुलती एक मैत्रीण होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

एक दिवस तिने मागून येऊन गळा इतका आवळला की मी किंचाळले, "हात लावू नको!" सगळा वर्ग वळून बघू लागला. बाईंनी दोघींना जवळ बोलावलं.

"तुला आवडत नाही का हे?"

"नाय."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

आमच्या घरी न हलणाऱ्या पोरीलाच शहाणी म्हणत.

बाई रागावल्या नाहीत. तिला म्हणाल्या, "आधी विचारायचं. ती हो म्हणाली तरच हात लावायचा. गप्प राहिली तर नाही समजायचं." आणि मला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं. माझ्याच सोयीसाठी.

हवं ते मिळालं होतं. अंगाला कुणाचा हात लागत नव्हता. पण डबाही एकटीने खायचा, आणि नदीच्या पुलावरून घरीही एकटीनेच जायचं. हिला हात लावला की ओरडते, असं वर्गात झालं होतं, म्हणून बाकीच्या मुलीही जवळ येईनात. तिचे हात आता पुढच्या बाकावरच्या मुलीच्या वेणीत असायचे. ती मुलगी हसायची, आणि मी मागून बघत राहायचे. मला करमत नाही, हे सांगायलाही कोणी नव्हतं.

मग एका मधल्या सुट्टीत ती आली. हातभर अंतरावर थांबली.

"फुगडीला येतेस? धरू हात?"

तिने बाईंनी शिकवलं तसं नीट विचारलं होतं. मला हो म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं. पण हात आपोआप अंगाला चिकटले.

ती जरा वेळ वाट बघत उभी राहिली. मग "बरं," म्हणाली आणि दुसरीला बोलवायला गेली.