गच्चीवरची लाल लोकर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. अण्णांना नाही, आमच्या गटातल्या मुलींना नाही, आणि ज्या दोघींना सांगायलाच हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसांसमोर मी फार चांगली बोलते — हीच तर अडचण आहे.

मी पत्रकांवर वाढले. जाफराबादला आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. अण्णा, म्हणजे माझे वडील, चळवळीतले. मोर्चा झाला की उरलेली पत्रकं घरी यायची आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायची. अण्णा म्हणायचे, "नुसत्या घोषणा वाचून माणूस कागद फेकून देतो बाई. एक तरी खरी गोष्ट डोळ्यासमोर उभी राह्यली पाह्यजे. मंग तो कागद घडी करून खिशात ठिवतो." मी ते इतकं मनावर घेतलं की — पण नको. अण्णांना मध्ये आणायला नको. त्यांचा यात काही संबंध नाही.

झोहरा अफगाणिस्तानातल्या हेरातची. शेतीचं शिक्षण घ्यायला शिष्यवृत्तीवर भारतात आली होती. ती इकडे शिकत असतानाच तिकडे तालिबान सत्तेवर आले आणि तिची परतीची वाट बंद झाली. पासपोर्टची मुदत संपत आलेली, आणि नवा मागायचा कुणाकडे हेच कळत नव्हतं. तोवर ती जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कारखान्यात कामाचा अनुभव घेत होती. जुन्या जालन्यात मुमताज खालांनी तिला वरची खोली दिली. मी त्याच गल्लीत कॉलेजसाठी खोली घेऊन राहत होते.

खालांची फॉल-पिकोची मशीन दिवसभर चालायची, बायकांची सतत ये-जा. जिना उतरणाऱ्या झोहराला त्या रोज हाक मारायच्या, "काबुल की शहजादी, नाश्ता करी क्या?"

"खाला, काबुल नहीं. हेरात."

"हौ, एकीच बात है. जालना क्या, भोकरदन क्या."

एकदा झोहरानं ज्वारीच्या भाकरीवर बोटानं टकटक केलं. "खाला, ये खाना है या दरवाज़ा?" खाला म्हणाल्या, "खटखटा, खटखटा. अंदर से सालन निकलेगा." आम्ही तिघी किती हसलो होतो! हे सांगायला मला त्रास होतो. म्हणूनच सांगतेय.

एका रविवारी झोहरानं मला तिच्या बहिणीबद्दल सांगितलं. मर्झिया, तिच्याहून मोठी, शाळेत गणित शिकवायची. सहावीच्या पुढे मुलींना शाळा बंद झाली आणि मर्झियाची नोकरी गेली. मग तिनं सासरच्या घरातच गुपचूप वर्ग सुरू केला. सासरे गालिच्यांसाठी लोकर रंगवायचे. मुली भरतकाम शिकायला येतोय असं दाखवून यायच्या, कापडाखाली वह्या असायच्या. आणि खूण अशी — गच्चीवर लाल लोकरीच्या लडी वाळत असल्या की आज शाळा आहे. लाल दिसली नाही तर मुलींनी घरावरून सरळ पुढे निघून जायचं. मान वरसुद्धा करायची नाही.

"ये बात खाला को मालूम है और तेरे को. बस," ती म्हणाली. मग माझा हात धरून म्हणाली, "लिखना मत."

मी म्हणाले, "बिलकुल नहीं."

पुढे महिला दिन आला आणि आमच्या गटाचं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. विषय माझाच होता, अफगाण बायांचे हक्क. मी सगळं लिहिलं. शाळा बंद, विद्यापीठ बंद, कचेऱ्यांमधली कामं बंद. बागेत जायचं नाही, पुरुष सोबत असल्याशिवाय लांबच्या प्रवासाला निघायचं नाही, घराबाहेर आपला आवाज ऐकू जाऊ द्यायचा नाही. एकेक शब्द खरा, आणि तरी पत्रक मेलेलं. त्यात कुणाचा चेहरा नव्हता. हा कागद लोक फेकून देणार हे मला दिसत होतं. आणि डोळ्यासमोर उभी राहील अशी गोष्ट तर माझ्याकडे होती ना?

मी नावं काढली. हेरातच्या जागी 'पश्चिमेकडचं एक शहर' केलं. स्वतःला फार हुशार समजले. लाल लोकर मात्र ठेवली. रंग बदलला असता तर? हिरवी केली असती, निळी केली असती — काय बिघडणार होतं? पण लाल वाचायला जास्त चांगलं वाटत होतं. खरं कारण एवढंच आहे.

शिवाय हे मराठीत आहे, असं मी मनाशी म्हटलं. मराठी कोण वाचतं, हे आमच्या गटाचं नेहमीचं रडगाणं. दर बैठकीत मी त्यावर तावातावानं बोलायची. त्या दिवशी तेच रडगाणं मला सोयीचं झालं.

पत्रक गाजलं. लोक खरंच घडी करून खिशात ठेवत होते. बसस्टँडवर एका बाईनं मला थांबवून विचारलं, "ते लाल लोकरीचं खरं हाय का गं?" मी छाती काढून म्हणाले, खरं आहे. मग मीच ते फेसबुकवर टाकलं. तिथे कुठलीही भाषा एका बोटानं बदलता येते, हे मला माहीत नव्हतं का? होतं. जर्मनीतल्या एका अफगाण माणसानं ते फारसीत करून कौतुकानं पुढे पाठवलं. मी ते अण्णांना फोनवर दाखवलं. "वा गं माझी वाघीण," अण्णा म्हणाले.

रमजाननंतर झोहराच्या बहिणीचा फोन लागेनासा झाला. बऱ्याच दिवसांनी निरोप आला. त्यांच्या घरी माणसं आली होती. त्यांनी खोल्या तपासल्या नाहीत, कुणाला काही विचारलं नाही. सरळ गच्चीवर गेली, आणि वर जाऊन लाल लोकर मागितली. सासऱ्यांना घेऊन गेली. ते परत आले, पण आता कशालाच हात लावत नाहीत, भिंतीकडे तोंड करून बसतात. मर्झियाला कुठल्याशा खेड्यात पाठवलंय. मुलींचं काय झालं ते झोहराला कुणी सांगत नव्हतं.

इथपर्यंतचं मी कदाचित कधीतरी कुणाला सांगितलं असतं. चूक झाली, अक्कल नव्हती, असं म्हणून. लोकांनी माफही केलं असतं. पण पुढचं चूक नाही.

झोहरानं मला वर बोलावलं. तिच्या फोनवर तो फारसी मजकूर होता आणि खाली आमच्या गटाचं आणि जालन्याचं नाव. आमच्या पत्रकावर कुणा एकाचं नाव कधीच नसतं, गटाचं असतं — तत्त्व म्हणून. तिनं विचारलं, "ये तूने लिखा?"

तत्त्व माझ्या कामी आलं. मी म्हणाले, "मैंने लिखा उसमें ये नहीं था. बाद में किसी ने डाला."

"किसी को कैसे मालूम?"

खाली मशीन चालू होती. बायका कशावर तरी हसत होत्या. मी म्हणाले, "खाला के यहाँ कितनी औरतें आती हैं..." आणि वाक्य अर्धं सोडलं. पूर्ण करायची गरज पडली नाही. शब्द किती वापरायचे हे मला लहानपणापासून चांगलं कळतं.

त्या दिवसापासून झोहरा खालांच्या ताटाला शिवली नाही. काही दिवसांत सामान बांधून निघून गेली. खालांनी दारात विचारलं, तर नुसती मान हलवली. मी तिची बॅग रिक्षात ठेवली. पोस्ट मी आधीच काढून टाकली होती.

ती आता दुसऱ्या देशात आहे. ईदला तिचा मेसेज येतो. मागच्या ईदला तिनं लिहिलं होतं, जालना में एक तू ही सच्ची थी. मी 'ईद मुबारक' पाठवलं. मला अजूनही भाषणांना बोलावतात. वही घेऊन बसलेल्या पोरीला घाबरणाऱ्या राजवटीबद्दल मी बोलते आणि माझा आवाज चढतो. राग खोटा नसतो. तो खोटा असता तर बरं झालं असतं का? मला सांगता येत नाही.

परवा बाजारात खाला भेटल्या. थकल्यात आता. "वो बच्ची का फोन आता क्या गे तेरे को?"

"कभी कभी."

"पूछ ना उसको, मेरेसे क्या गलती हुई. मैं भौत सोची, याद नै आता."

"पूछती," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, किती सुकलीस म्हणाल्या, आणि दुपारी घरी जेवायला ये म्हणाल्या.

मी गेले. जेवले.