तीन दिवसांचा नीलम

घोड्याचा तंग, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळायचा पट्टा, एकदा ओढून भागत नाही. पहिल्यांदा ओढताना जनावर मुद्दाम पोट फुगवून उभं राहतं. आपण एक पान चघळून होईल एवढा वेळ थांबायचं, त्यानं श्वास सोडला की पुन्हा ओढायचं. घोडा विकणाऱ्यानं मला हे दोनदा बजावलं होतं. पण त्या सकाळी माझ्या मुलीचे होणारे सासरे, आमच्याकडे ज्यांना इवाई म्हणतात ते, ओसरीवर बसून पाहत होते. मी तंग एकदाच ओढला, मिशीवर हात फिरवला, रिकिबीत पाय घातला आणि खोगिरासकट घोड्याच्या पोटाखाली गेलो. तिथून अंगणातल्या सरकीच्या ढिगावर. पागोटं गडगडत गेलं ते थेट इवायांच्या पायाशी.

माझं मनगट तेवढं मुरगळलं. बाकी जे भोगायचं ते माझ्या थोरल्या बहिणीनं भोगलं.

त्या वर्षांत दर्यापार कुठल्याशा मुलखात लढाई चालली होती. कोणाची आणि कशापायी, हे अकोल्यात कोणालाच धड सांगता येत नव्हतं. पण तिकडचा कापूस अडला आणि आमच्या काळ्या जमिनीतला कापूस शोधत मुंबईची माणसं दारात आली. कालपर्यंत ज्या सुनांच्या गळ्यात काळी पोत होती त्यांच्या माना सोन्यानं वाकल्या. मीही मागे राहणारा नव्हतो. बसता येत नसताना घोडा घेतला तो त्याच हंगामात, आणि मुलीचं लग्न ठरवलं तेही मोर्शीच्या अशाच एका नव्यानं फुगलेल्या घरात.

बहीण लग्नानंतर तीन वर्षांत विधवा होऊन माहेरी आली होती. लहानथोर सगळे तिला बाई म्हणत. मुलीच्या जन्मानंतर माझी बायको वर्षभर अंथरुणावर होती, तेव्हा पोर बाईनंच वाढवली. पुढे बायको उठली, फिरू लागली, पण पोरीला ठेच लागली की ती हाक मारायची बाईलाच.

बाईजवळ स्वतःची म्हणावी अशी एकच चीज होती, नीलमाची अंगठी. आमच्या आजोबांना एलिचपूरला चाकरीत मिळालेली. आजीनं ती आईला दिली, आईनं बाईला. खडा वाटाण्याएवढा, एका कडेला बारीक टवका उडालेला. नवरा गेल्यावर बाईला ती घालता येईना. दुपारी कधीतरी चिंधी सोडून ती पोरीला दाखवायची. "हे पाय, इथं काळं झालं ना? तुही आजी अंगठी न काढता भाकरी थापे. तव्याची धग हाय ते."

लग्न ठरलं तशी बाई माझ्यापाशी येऊन बसली.

"भाऊ, मले मांडवात कोनी येऊ देनार नाही, ते मले समजते. मी मांगत बी नाही. पन अंगठी पोरीच्या बोटात राहू दे. मी नसन तं आपली माय तरी अक्षतीच्या वक्ती तिच्यापाशी राहीन."

मी हो म्हणालो. हो म्हणायला मला कधीच वेळ लागत नाही, त्याचं पुढे काय करायचं हे मात्र मला कळत नाही. कापूस घेऊन अमरावतीला गेलो तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या मियाँकडून अंगठीचं सैल झालेलं कोंदण घट्ट करून आणलं. बाईनं ती दिवसभरात चार वेळा उजेडात धरून पाहिली.

नीलम आमच्याकडे कोणी तसाच बोटात घालत नाही. आधी तीन दिवस कापडात गुंडाळून दंडाला बांधतात. तेवढ्यात काही वाईट घडलं तर खडा लाभत नाही असं धरून देणाऱ्याला परत करतात. मोर्शीची मंडळी मुक्कामाला आली तेव्हा इवायांनी पहिली गोष्ट विचारली ती हीच. "पोरीले नीलम देऊन राहिले म्हने. पारखला का?"

पोरीच्या दंडाला बांधायचं घाटत होतं. मीच छाती काढून म्हणालो, "तिले कायले? मायाच दंडाले बांधा. होऊ द्या काय होते ते."

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी मी घोड्यावर बसायला गेलो.

सरकीतून मला उठवलं तेव्हा इवायांनी माझा दंड धरला आणि चिंधीची गाठ चाचपून पाहिली.

"आज तिसरा दिवस ना हो?"

"हो."

"खडा कोनाचा म्हनाले?"

"मायी बहीन हाय ना, बाई, तिचा."

"मंग बराबर हाय," इवाई ओसरीकडे वळून मोठ्यानं म्हणाले. "जिनं नवरा तीन वरीस ठेवला नाही, तिचा खडा तीन दिवस बी कसा धीर धरीन?"

ओसरीवरचे हसले. पडलेल्या माणसाला दुसऱ्या कोणावर हसणारे लोक फार प्रिय वाटतात. मीही हसलो.

बाई हळदीचं तेल घेऊन बाहेर आली होती. तिनं हे ऐकलं. घोडा अंगणाच्या मध्यावर उभा होता आणि खोगीर त्याच्या पोटाखाली लोंबत होतं. डोळे असलेल्या कोणालाही दिसावं असं. बाईनं माझं मनगट हातात घेतलं, तेल चोळता चोळता खोगिराकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, तंग दुसऱ्यांदा ओढला होता का रे?"

एवढं एक उत्तर खरं दिलं असतं तर माझं हसं झालं असतं. चार दिवस मोर्शीत, चार दिवस अकोल्यात. दुसरं काही गेलं नसतं.

"दोन्ही डाव ओढला होता," मी म्हणालो.

बाई तेल चोळत राहिली.

दुपारी इवायांच्या घरच्या बायांनी सांगितलं की न लाभलेला नीलम हातोहात परत देऊ नये. पळसाच्या पानावर उंबऱ्यात ठेवावा, देणाऱ्यानं स्वतः उचलावा. माझ्या बायकोनं पान धुतलं, अंगठी ठेवली आणि बाईला हाक मारली. बाई खाली बसली. पोर धावत आली नि पानाकडे हात नेत म्हणाली, "बाई, मले पाह्यजे ना थे." बायकोनं तो हात वरच्या वर पकडला आणि तिला मागे ओढलं. बाईनं अंगठी उचलली, पदरानं पुसली. कशाला पुसली कोण जाणे, पान तर आत्ताच धुतलेलं होतं.

एवढ्यावर भागलं नाही. मोर्शीकरांनी निरोप पाठवला की ज्यांचा खडा असा निघाला त्यांची सावलीही अक्षतांपर्यंत दिसू नये. लग्नाच्या दिवशी बाई गोठ्यात बसली. पोरीनं बोहल्यावरून दोनदा मागे वळून पाहिलं, तेव्हा सासूनं तिची हनुवटी धरून तोंड पुढे फिरवलं. पोरीच्या दहाही बोटांत अंगठ्या होत्या, सगळ्या नव्या, चकचकीत. वऱ्हाडातल्या बाया त्या आळीपाळीनं पाहत होत्या.

लग्नानंतर चौथ्या दिवशी बाई तिवशाला दिराच्या मुलाकडे निघाली. मी जा म्हटलं नाही, राहा म्हणायलाही तोंड उघडलं नाही. बैलगाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "मनगट दुखते का अजून?"

"नाही, आता बरं हाय."

"मंग झालं," ती म्हणाली.

खड्याची गोष्ट तिच्या गाडीआधीच तिवशाला पोचली होती. असला नीलम घरात नको म्हणून पुतण्यानं तिला नदीवर नेलं आणि तिच्याच हातानं अंगठी डोहात टाकायला लावली. काठावर तिला घटकाभर मूठ उघडेना, तेव्हा त्यानं बोटं सोडवली, असं तिकडून आलेल्या गाडीवाल्यानं सांगितलं. त्यानं ते गंमत म्हणून सांगितलं. पुढच्या पावसाळ्यात बाई गेल्याचाच निरोप आला. पोरीला सासरहून सोडलं नाही.

बाईचा तेरावा झाला त्या संध्याकाळी मला राहवेना. बायको तांदूळ निवडत होती. तिच्यासमोर बसलो आणि एका दमात सांगून टाकलं की खड्याचा काही दोष नव्हता, तंग मीच ढिला ठेवला होता आणि बाईला खोटं बोललो.

बायकोनं सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला.

"मले काय सांगता? खोगीर मले दिसत नव्हतं का?" ती म्हणाली. "थो खडा मलेच नव्हता पाह्यजे. तुमी पडले नसते तं मी दुसरं काही काढलं असतं. पोर मायी हाय. मांडवात तिच्या बोटाकडं पाहून सगळ्याईनं बाईचं नाव घेतलं असतं, आन् मी काय पानी वाढत फिरली असती?"