दराब्याचा ठेका

दिवाळीला माहेरी आले, की वहिनी पुढ्यात दराबा ठेवते. आज वाटी हातात घेतली आणि त्या तुपाच्या वासाने मी आईच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले.

तेव्हा मी आठवीत होते. आई परातीत रवा, पिठीसाखर आणि तूप तळहाताने फेटत होती. दराबा पांढरा, हलका होईपर्यंत हात थांबवायचा नसतो. मागच्या गल्लीतल्या पॉवरलूमच्या कारखान्यात टेपवर कव्वाली लागली होती. हळूहळू आईचा हात तिच्या ठेक्यावर पडायला लागला आणि मग ती गुणगुणायलाही लागली. आईला गाता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात बाबा आले. ते शाळेत मराठी शिकवायचे. घरात फक्त अभंग आणि नाट्यगीतं चालायची. त्यांनी खिडकी धाडकन लावली. "असल्या गाण्यांनी कान बिघडतात," म्हणाले. आईचा हात चालूच राहिला, पण ठेका गेला. ती पुन्हा कधी गुणगुणली नाही. मला अजूनही कव्वाली ऐकवत नाही. लोक त्याला माझी शुद्ध आवड म्हणतात.

आई गेली. आता बाबा पलंगावर बसून मोबाइलवर कव्वाल्या लावतात, आवाज पूर्ण वाढवून. आज मलाही म्हणाले, "बेटा, ऐक तर सही, काय गळा आहे!"

मी दराब्याची वाटी खाली ठेवली. "बंद करा ते," मी म्हणाले. "कान बिघडतात."

बाबांनी आवाज कमी करून माझ्याकडे पाहिलं.

"असं कोणी सांगितलं तुला?"