भैरोबाने ब्रुसेल्स सांगितलं

गोजराबाई रोज सकाळी चाफ्याची दोन फुलं तोडायची. एक टेकडीवरच्या भैरोबाला वाहायची आणि दुसरं खाली येऊन धरणाच्या पाण्यात सोडायची. भैरोबाचं मूळ देऊळ त्या पाण्याखाली होतं. देव वर आणला तेव्हा देऊळ काही आणता आलं नव्हतं. एक फूल नव्या पत्त्यावर, एक जुन्या. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "चुकून जुन्या घरला ग्येला आसला तर?" एवढं करून पदराला हात पुसत ती कंपनीच्या बंगल्यावर मुलं सांभाळायला जायची.

बंगला पाण्याच्या काठी होता आणि त्यात केलरसाहेब राहायचे. धरणाच्या यंत्रांची देखभाल करायला ते पाच-सहा वर्षांपूर्वी युरोपातून आले होते. त्यांच्या बाईसाहेब मार्था इथे आल्या तेव्हा त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. त्या शिकल्या त्या गोजराबाईकडून. त्यामुळे पुण्याहून कोणी मोठे अधिकारी सपत्नीक चहाला आले की सोनेरी केसांची ही बाई त्यांना अदबीने विचारायची, "साखर लई झाली न्हवं?" अधिकाऱ्यांच्या बायका बशीत बघत. ग्रेटा आणि पीटर ही त्यांची मुलं तर भांडायचीसुद्धा मावळच्या बोलीत.

एकोणीसशे एकोणसाठ साली साहेबांची इथली मुदत संपत आली. कंपनीने त्यांच्यापुढे दोन शहरं ठेवली, जिनिव्हा आणि ब्रुसेल्स. पगार दोन्हीकडे सारखाच होता, म्हणून ठरवायचं ते मुलांच्या शाळेवरून. साहेबांची भाषा जर्मन, बाईसाहेबांची इंग्रजी आणि मुलांची वर सांगितलीच. अशा मुलांना कुठल्याही साध्या शाळेत घालता येत नाही, त्यांना अनेक देशांच्या मुलांची शाळा लागते, असं बाईसाहेबांनी गोजराबाईला समजावून सांगितलं. दोन्ही शहरांत तशी शाळा होती आणि अडचण नेमकी तीच होती.

हिवाळाभर बंगल्यावर दुसरा विषय नव्हता. साहेब म्हणत, जिनिव्हाची शाळा जुनी, तिथे शिक्षकांना सवय आहे. बाईसाहेब म्हणत, ब्रुसेल्सची नवी, तिथे प्रत्येक भाषेचा वर्ग वेगळा. पुढच्या आठवड्यात दोघं बाजू बदलत. शेवटी एके दुपारी व्हरांड्यात मटार सोलता सोलता बाईसाहेब म्हणाल्या, "गोजराबाई, तुमीच सांगा. कुटं जावं?"

गोजराबाईने हातातली शेंग खाली ठेवली. "पानी कसं हाय?"

"जिनिव्हाला मोठं तळं हाय. हितल्यापेक्षा बी मोठं."

"कुनी बांदल्यालं का आपसूक झाल्यालं?"

"आपसूक."

"मंग खाली गावं न्हाईत?"

"न्हाईत."

"मंग बरं हाय. आन् दुसरं?"

"तितं तळं न्हाई. पाऊस हाय. बारा म्हैने पडतुया."

"भात हुतो?"

"न्हाई."

"मंग निस्ता पडून काय उपेग?" गोजराबाईने शेंग पुन्हा उचलली. "शाळंत आपल्या पोरांची भाषा शिकिवत्यात का?"

"कंची?"

गोजराबाईने अंगणाकडे हनुवटी केली. तिथे पीटर बहिणीला सांगत होता की त्याची भिंगरी तिने दिली नाही तर तो तिचं थोबाड फोडील.

"ती न्हाई शिकिवत," बाईसाहेब म्हणाल्या. "दोन्हीकडं न्हाई."

हे सगळं गोजराबाई इतकं लक्ष देऊन ऐकत होती, कारण तिच्या घरीही हेच चाललं होतं. फक्त तिच्या घरची शहरं जवळची होती. तिची धाकटी लेक लीला गावच्या शाळेत चौथीत होती आणि गावची शाळा चौथीलाच संपत होती. पुढे एक तर पौड, नाही तर पुणे. पौडला मामा, शाळा सातवीपर्यंत. पुण्याला सोमवार पेठेत मावशी चंद्राबाई, दोन खोल्यांत सहा माणसं, पण शाळा थेट मॅट्रिकपर्यंत. मामाच्या घरी तीन म्हशी होत्या आणि शेणात हात घालायला कोणी नव्हतं. पौडला गेलेली लीला म्हशींकडून शाळेकडे कधी पोचेल, याची गोजराबाईला शंका होती. तिला पुणं हवं होतं. पण नवरा वारल्यापासून घरात शब्द चालायचा तो थोरल्या दिरांचा, हैबतरावांचा, आणि हैबतरावांना पौड हवं होतं.

"पुन्याला जाऊन काय कलेक्टर हुनार हाय व्हय?" ते म्हणाले.

"न झाली तर न झाली. पर शेन काढाया पौड कशाला? ती तर हितंबी हाय."

"लई बोलाया लागलीस बंगल्यावर जाऊन. आपन कौल लावू. द्येव सांगंल ती पूर्व."

कौल म्हटल्यावर बोलणंच संपलं. त्या खोऱ्यात लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं कौलावर ठरे. देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी एका गोष्टीची, डावी दुसरीची, आणि वाट बघायची. जी आधी गळेल ते देवाचं म्हणणं.

गोजराबाईने दुसऱ्या दिवशी हे बंगल्यावर सांगितलं, तेही रडवेल्या आवाजात. बाईसाहेबांनी मात्र वेगळंच ऐकलं. पाच महिने तुलना करून त्या इतक्या थकल्या होत्या, की बिनखर्चाने आणि एका सकाळीत निकाल लावणारी अशी सोय इथे जवळच आहे याचं त्यांना बरंच वाटलं. "आमचाबी लावाल का?" त्यांनी विचारलं.

भिवाजी गुरव आधी बिचकला. "भैरोबाला परमुलूख म्हंजी पौडाच्या म्होरलं समदं," तो म्हणाला. पण पाहुण्या बाईला नाही कसं म्हणायचं. त्याने डोळे मिटून देवाला पत्ता सांगितला, "म्हाराजा, साता समुंदरापल्याड दोन गावं हायेत. तळ्याचं गाव उजवीकडं, पावसाचं गाव डावीकडं. पोरांच्या शाळंचा इशय हाय. आता तूच बघ."

पाकळ्या गोजराबाईने सकाळी तोडलेल्या चाफ्याच्याच होत्या. साहेब बूट काढून लांब उभे राहिले. बाईसाहेब हात जोडून बसल्या. बऱ्याच वेळाने डावी पाकळी सुटली आणि भैरोबाच्या पायाशी पडली. ब्रुसेल्स. बाईसाहेबांनी नारळ ठेवला, डोकं टेकलं आणि उठताना म्हणाल्या, "सुटले एकदाची." गावाला त्यांचं फार कौतुक वाटलं. हैबतराव तर दोन दिवस सांगत होते, की गोरी असून बाईची श्रद्धा बघा.

मग लीलाचा कौल लागला. उजवीकडे पौड, डावीकडे पुणे. या वेळी देवाने वेळ घेतला नाही. भिवाजीने हात काढला न काढला तोच उजवी पाकळी खाली आली. हैबतरावांनी घंटा वाजवली. गोजराबाईने पाकळी उचलून कपाळाला लावली, पदराच्या टोकाला बांधली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही फुलं तोडली. वरचं वाहिलं, खालचं सोडलं. राग आला म्हणून नेम मोडायचा, हे तिला सुचणारं नव्हतं.

पंधरवड्याने बंगल्याच्या व्हरांड्यात ट्रंका आल्या. साहेब एकेका ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव घालत होते. गोजराबाईला ती अक्षरं येत नव्हती, पण ग्रेटाने वाचून दाखवलं. सगळ्या ट्रंकांवर जिनिव्हा होतं.

गोजराबाई स्वयंपाकघरात गेली. "बाईसाहेब, द्येवानं तर दुसरं सांगितल्यालं."

"व्हय," बाईसाहेब म्हणाल्या. त्यांना लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "द्येवानं सांगितलं ती आयकलं. मंग इचार केला."

"आन् त्यो कोपला तर?"

"ग्रेटाला दमट हवेत खोकला हुतो. त्याला कळंल की."

ते वाक्य गोजराबाईने घरी नेलं. भात कांडताना, भाकरी थापताना ते तिच्याजवळ होतं. देवाचं ऐकायचं, मग विचार करायचा. त्या खोऱ्यात हे दोन्ही एकापुढे एक करता येतं, असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. केलर मंडळी गेली. वाटेत बोट बुडाली नाही. मुंबईहून आणि मग जिनिव्हाहून कार्ड आलं.

जूनमध्ये एका सकाळी हैबतराव शेताकडे निघाले, तर एसटीच्या थांब्यावर, आंब्याखाली, गोजराबाई आणि लीला उभ्या. पायाशी पत्र्याची पेटी.

"पौडाला निगाली व्हय? सांगायचं तरी," हैबतराव म्हणाले.

"पुन्याला."

"कौल पौडाचा हाय."

"बाईसाहेबांचा ब्रुसेल्सचा हुता. त्या गेल्या?"

"त्यास्नी काय. त्यांचा द्येव येगळा."

"द्येव येगळा आसंल, भावजी. फुलं माजीच हुती." मग तिने आवाज खाली घेतला. लीलाच्या आठवणीत आई मोठ्या दिरांशी इतकं बोललेली नव्हती. "धरनाच्या टायमाला बी गावानं कौल लावलाता. म्या नऊ वर्साची हुते. हितंच ऱ्हा, म्हनला भैरोबा. समदी ऱ्हायली. पानी उंबऱ्याला लागलं तवा भिवाजीच्या बापानं त्याला पाटीत घातला आन् डोक्यावर घिऊन वर आला. आमच्या आदी त्योच निगाला."

हैबतरावांनी पाण्याकडे पाहिलं. तेही तेव्हा तिथेच होते, आणि पाटीला एका बाजूने हात त्यांनीही लावला होता. एसटी आली. हैबतराव पेटी टपावर चढवताना कंडक्टरवर खेकसले, की नीट बांध, पोरीची पुस्तकं आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत लीला आली ती गप्पच. शाळेत ती 'आहे'च्या जागी 'हाय' म्हणाली की मुली हसत आणि बाई तिला पुन्हा म्हणायला लावत. त्याच दिवसांत बाईसाहेबांचं पत्र आलं. ते इंग्रजीत होतं, गावच्या शाळेतल्या मास्तरांनी अर्थ सांगितला. शाळा उत्तम आहे, तळं सुंदर आहे. पीटरने पहिल्याच दिवशी एका मुलाला मराठीत शिव्या दिल्या. त्या कोणालाच कळल्या नाहीत, म्हणून तो घरी येऊन रडला.

गोजराबाई ऐकत होती. "बगितलंस," ती लीलाला म्हणाली, "त्याचं तर कुनाला कळत बी न्हाई. तुजं कळून तरी हसत्यात. दोन बोल शिक. तितलं तितं, हितलं हितं." मग थांबून म्हणाली, "बिचारं पोर. शिवी द्यायची आन् कुनाला लागायची न्हाई."

लीला मॅट्रिक झाली आणि पुण्यातच एका प्राथमिक शाळेत शिकवू लागली. हैबतराव तिच्या पगाराबद्दल कोणाला सांगत नसत, पण तिला पुण्याला धाडण्याचा कौल भैरोबानेच दिला होता असं मात्र पुढे पुढे सांगू लागले होते. भिवाजीही मान डोलवी. गोजराबाईने त्यांना कधी खोडलं नाही. देवालाही विचार बदलायची मुभा असावी, असं तिचं मत झालं असावं.

सदुसष्टच्या दिवाळीनंतर लीला सकाळच्या गाडीने परत निघाली. गोजराबाईला आठवडाभर ताप होता, तरी ती फुलं तोडून आली होती. टेकडी चढवली नाही, म्हणून वरचं फूल तिने लीलाच्या हातात दिलं आणि जाता जाता वाहायला सांगितलं. खालचं तिने स्वतःच पाण्यात सोडलं. त्याच संध्याकाळी ती गेली. लीलाला तार पोचली तेव्हा तिच्या वर्गात मुलं पाढे म्हणत होती.

निघताना आईने वेगळं काहीच सांगितलं नव्हतं. दारातून हाक मारून ती एवढंच म्हणाली होती, "आंब्याखाली हुबी ऱ्हाऊ नगं, गाडी आता तितं थांबत न्हाई. म्होरं जा."