पानभर एक जून

माझी मुलगी काय करते हे लोकांना सांगण्यात माझी दहा-बारा वर्षं गेली आणि एकालाही ते कळलं नाही. मी चौथी शिकलेली. मलाही आधी कळलं नव्हतं. पण मी निदान समजेपर्यंत विचारत राहिले. बाकीच्यांना समजून घ्यायचं नव्हतं, नुसतं विचारायचं होतं.

आम्ही मूळचे धरणगावजवळच्या खेड्यातले. मुलगी आठवीत असताना जळगावला आलो. नवरा कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला लागला आणि मी लग्नाकार्यात मांडे करायला जाऊ लागले. पुरण भरलेली सैल कणीक हातावर फिरवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि उलट्या खापरावर टाकायची. चार बायका हाताखाली असायच्या. लग्नसराईत दिवसभर चुलीपुढे, त्यामुळे माझ्याबद्दलचं सगळं बोलणं तिथेच व्हायचं.

"अक्का, तुनी पोर विम्यामा एजंट शे ना?" कणीक तिंबणारी बाई दर लग्नात विचारायची.

"नही. ऑफिसमा शे."

"मंग मनी एक पॉलिसी काढी दे म्हना तिले."

"ती पॉलिसी नही काढस."

"मंग काय करस?"

एकदा वैतागून मी म्हटलं, "कोन कवय मरस त्याना हिसाब करस."

"माय व! पोर शे का यमनी बहीन?" सगळ्या हसल्या. "मना कवय नंबर शे ते इचार तिले."

त्या दिवसापासून, कोण कधी मरतं याचा हिशेब करणारी म्हणून, माझी मुलगी सगळ्या बायकांत यमाची बहीण झाली. चूक माझीच होती, पण मला तरी दुसरं काय सांगता येत होतं?

मुलगी गणित घेऊन पदवीधर झाली आणि धुळ्याला एका विमा कंपनीच्या शाखेत कारकून म्हणून लागली. तिथे मुंबईहून तपासणीला आलेल्या एका साहेबाने तिचं गणित पाहिलं आणि एका परीक्षेचं डोक्यात घातलं. ॲक्च्युअरी व्हायची परीक्षा. पेपर विलायतेहून येत, जाडी पुस्तकं पोस्टाने येत, आणि पास होणारे इतके थोडे की आमच्या दोन जिल्ह्यांत असा माणूस कोणी पाहिलेला नव्हता. ती धुळ्यात खोली घेऊन राहायची. शनिवारी संध्याकाळी एस.टी.ने जळगावला यायची ती पुस्तकं घेऊनच. दोन पेपर द्यायची, एक सुटायचा, एक राहायचा. राहिलेला पुन्हा द्यायची. स्थळं यायची आणि विचारायची, "अजून शिकणं संपलं नाही का?" आणि परत जायची.

एका रविवारी मी तिच्यासमोर बसले. म्हटलं, "मला एकदा नीट सांग. मी कधी मरणार ते तुला येतं का सांगता?"

"तुझं एकटीचं नाही येत. तुझ्या वयाच्या लाखभर बायका दे, त्यातल्या या वर्षी किती जातील ते साधारण सांगते. कोणत्या जातील ते नाही."

"मग काय उपयोग त्याचा?"

तिने पेन खाली ठेवलं. "तू आठशे माणसांच्या लग्नाला किती मांडे करायचे ते कसं ठरवतेस? प्रत्येकाला विचारतेस का, भाऊ, तू किती खाशील?"

विचारत नव्हतेच. घर बघायचं. वऱ्हाड खेड्यातून ट्रकने येणार की शहरातून गाडीने, ते बघायचं. आमरस असेल तर मांडे जास्त लागतात. उन्हाची पंगत आणि संध्याकाळची पंगत वेगळी. कोणी पाच खातो, कोणी अर्धा टाकून उठतो, ते मला आधी माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. एकूण आकडा जमतो.

"तेच काम आहे हे," ती म्हणाली. "फक्त विम्याची शेवटची पंगत तीस वर्षांनी बसते. पहिल्या पंगतीच्या वेळी जे घेतलं त्यातून शेवटच्या पंगतीला पुरलं पाहिजे. पुरेल का, हे आज सही करून सांगायचं. ते सांगतो तो ॲक्च्युअरी."

हे मला पटकन कळलं, कारण शेवटच्या पंगतीला मांडे कमी पडलेले मी पाहिले होते. धरणगावातच, एका मोठ्या घरच्या लग्नात. वरपक्षाची माणसं पानावर बसून राहिली आणि नवरीच्या मामाने भर मांडवात मला जे ऐकवलं ते अजून कानात आहे. आधी जेवून गेलेल्या सहाशे माणसांपैकी एकानेही माझी बाजू घेतली नाही. तेव्हा हे काम हलकं नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्याच रविवारी ती आणखी एक गोष्ट बोलली. म्हणाली, "यात सगळं वयावर चालतं, आणि आपल्याकडे वयच खरं नसतं. विचारलं की माणूस चाळीस सांगतो नाहीतर पन्नास. एकोणपन्नास कोणी नसतंच. आणि तारीख विचारली की निम्म्या लोकांचा जन्म एक जूनचा."

मी हसले. तिचाही एक जूनच होता. तीही हसली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी कंपनीच्या मुंबईच्या मुख्य कचेरीने आपल्याच नोकरांतून माणसं मागवली. या परीक्षेचे काही पेपर सुटलेले हवेत, मग कंपनी त्यांना ॲक्च्युअरीच्या खात्यात घेणार, तिथल्या मोठ्या माणसांच्या हाताखाली शिकवणार, अभ्यासाला सुटी देणार. मुलीचे पेपर पुरेसे झाले होते. धुळ्यातून असे पेपर दिलेली ती एकटीच होती. वय मात्र अठ्ठावीसच्या आत हवं होतं.

कागदावर ती अठ्ठावीस वर्षं नऊ महिन्यांची होती. खरं म्हणजे सत्तावीस पूर्ण होऊन पाच महिने झाले होते. मधले सोळा महिने मी घातले होते.

ते असं झालं. मुलगी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची. पाचवं वर्षही पूर्ण नव्हतं तेव्हा मी तिला गावच्या शाळेत घेऊन गेले, कारण मला शेतात कामाला जायचं होतं आणि तिला सांभाळायला घरात कोणी नव्हतं. गुरुजींनी तिला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगितलं. हात पोहोचला की मूल शाळेच्या वयाचं, असा तेव्हा नियमच होता. पोरीचे हात लांब. कान धरला. गुरुजी म्हणाले, "सहा पूर्ण लिहू ना?" मी म्हटलं, "लिहा." त्यांनी एक जून लिहिलं. मला वाटलं, बरं झालं, एक वर्ष लवकर सुटली.

आता ती तारीख बदलायची म्हणून मी आधी त्या शाळेत गेले. जुने गुरुजी वारले होते. नव्या हेडमास्तरांनी रजिस्टर काढून दिलं. त्या वर्षीचं पान मी वरपासून खालपर्यंत वाचलं. एक जून, एक जून, एक जून. पानभर दुसरी तारीख नाही.

"अख्खं गाव एकाच दिवशी बाळंत झालं का हो?" मी विचारलं.

हेडमास्तर हसले. "अक्का, माझाही एक जूनच आहे. आमचे निम्मे शिक्षक एकतीस मेला एकदम रिटायर होतात. चहा एकच करावा लागतो."

"मग ही बदलून द्या."

"दाखला एकदा शाळेबाहेर गेला की आमच्या हातात काही नसतं. खऱ्या जन्माचा पुरावा आणा, मग वर अर्ज करता येईल. होईलच असं नाही."

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून जन्माची नोंद सासरच्या गावात नव्हती. माहेर बोदवडकडे. तिकडे गेले. ग्रामपंचायतीचं कपाट उघडायला ग्रामसेवकाने मला तीन खेपा घालायला लावल्या. पहिल्यांदा तो नव्हता, दुसऱ्यांदा किल्ली नव्हती. तिसऱ्यांदा मी दारातच बसले आणि सांगितलं की आज कपाट उघडेपर्यंत मी उठणार नाही. तेव्हा उघडलं. कसर लागलेली वही. त्यात माझ्या नवऱ्याचं नाव होतं, पुढे 'मुलगी' एवढंच, कारण नाव तेव्हा ठेवलेलं नव्हतं, आणि तारीख. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची. मी बरोबर होते.

उतारा घेऊन मी तडक धुळ्याची एस.टी. धरली. मुलीने तो दोनदा वाचला आणि घडी करून परत दिला. म्हणाली, "नोकरीला लागताना मी स्वतः एक जून लिहून सही केली आहे. आता चालायचं नाही."

"विचारल्याशिवाय कसं म्हणतेस?"

"मी त्याच ऑफिसात काम करते, माय."

तरी मी तिला घेऊन शाखेच्या मोठ्या साहेबांपुढे गेले. साहेब सभ्य होता, खुर्ची दिली, उतारा पाहिला. मग म्हणाला, "बाई, नोकरीत लागून पाच वर्षं उलटली की जन्मतारखेला हात लावत नाहीत. तसा नियम आहे."

"हा खरा कागद आहे. शाळेतला खोटा आहे. मी स्वतः खोटा लिहवला."

"असेल. पण आमच्या शाखेत एक जूनवाले किती आहेत माहीत आहे? तुमच्या मुलीची बदलली तर उद्या सगळे दोन-दोन वर्षांनी लहान होऊन येतील आणि उशिरा रिटायर होतील."

"ती खरी लहान आहे."

"तेही हेच म्हणतील."

मला राग आला. मी म्हटलं, "तुमचं सगळं दुकान माणसाच्या वयावर चालतं. विमा काढायला आलेल्याला वयाचा पुरावा मागता. आणि घरच्या माणसाचा पुरावा हातात दिला तर नको म्हणता?"

साहेब मुलीकडे बघत होता. मुलगी टेबलाकडे बघत होती. मग त्याने उतारा माझ्याकडे सरकवला आणि चहा मागवू का विचारलं. मी नको म्हटलं.

अर्ज तिने तरीही भरला. वयाच्या कारणाने परत आला. त्या वर्षी जळगाव-धुळ्याकडून कोणीच गेलं नाही.

साहेबांना भेटलो त्या दिवशी धुळ्याच्या स्टँडवर जळगावच्या गाडीची वाट बघत आम्ही बसलो होतो. ती म्हणाली, "तू तेव्हा एक वर्ष थांबायला हवं होतंस."

मी म्हटलं, "हो."

शेतात जावं लागत होतं, सांभाळायला कोणी नव्हतं, सगळेच तसं लिहवत होते, हे मला सांगता आलं असतं. तिला ते माहीत होतं. मी सांगितलं नाही. गाडी आली, मी चढले, ती खोलीवर गेली.

पुढे तिने पेपर सोडले नाहीत. धुळ्याच्या कारकुनीवरून उठून संध्याकाळी अभ्यास करायची. शिकवायला कोणी नाही, विचारायला कोणी नाही. आणखी दोन सुटले. शेवटचे राहिले ते राहिलेच. नंतर शाखेतच बढती मिळाली. लग्न उशिरा झालं. आता बायका तिला मॅनेजरीण म्हणतात, तेही चूकच आहे, पण मी दुरुस्त करत बसत नाही.

नव्वदचं दशक निम्मं सरलं तेव्हा माझ्या मुलाची, म्हणजे तिच्या पाठच्या भावाची, मुलगी शाळेत घालायची झाली. सून तापाने पडली होती म्हणून मी घेऊन गेले. पोरगी सहाला अडीच महिने कमी. आता सहाची अट कडक झाली होती, पण लिहिण्याची पद्धत तीच. गुरुजींनी कानाला हात लावायला सांगितला. लागला.

"अक्का, अडीच महिन्यांसाठी कशाला वर्ष घालवायचं? एक जून टाकतो."

"नका टाकू. सोळा ऑगस्ट लिहा."

"मग यंदा प्रवेश बसणार नाही."

"नसू द्या."

गुरुजींना वाटलं मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा समजावून सांगितलं, सावकाश, अडाणी बाईला सांगतात तसं. मी पुन्हा ऑगस्ट सांगितला. पोरगी पाटी-दप्तर घेऊन रडत घरी आली. सून अंथरुणातून उठून बसली. "पोरीचं वर्ष वाया घालवलं तुम्ही. लोक वय वाढवून घालतात, तुम्ही परत आणता." महिनाभर ती माझ्याशी धड बोलली नाही. मुलगाही चिडला. मी धुळ्याला कळवलं नाही. सुनेनेच कळवलं, तक्रार म्हणून. पुढच्या शनिवारी मुलगी आली तेव्हा भाचीसाठी नवी पाटी घेऊन आली. एवढंच.

पुढच्या जूनमध्ये मी पोरीला पुन्हा नेलं. या वेळी दवाखान्याचा दाखला टेबलावर ठेवला आणि गुरुजी लिहीपर्यंत उभी राहिले. वरच्या ओळीत एक जून होता, खालच्या ओळीतही एक जून. मधल्या ओळीत गुरुजींनी सोळा ऑगस्ट लिहिलं. अक्षर गिचमिड होतं. मी त्यांना आकडा नीट काढायला लावला आणि मगच तिथून निघाले.