मनी बसली का?

आमच्या लातूरच्या इमारतीतलं आज कुणीही भेटलं, की पोरं काय करतात हे नंतर विचारतं, आधी मनीचा विषय काढतं. तीन मजले, सहा बिऱ्हाडं, प्रत्येक घरात एक बारावीचं लेकरू आणि सगळ्यांत मिळून एक मांजर. किस्से साठायला एवढं पुरे. मी नांदेडजवळ विष्णुपुरीला कॉलेजच्या लॅबमध्ये कामाला होतो, शनिवार-रविवारच लातूरला असायचो, तरी सगळ्यात जास्त किस्से माझ्याच वाट्याला आले.

*

मांजर कशाला, ते आधी सांगतो. माझी बायको सुनंदा निलंग्याकडची. भूकंपात तिचं माहेरचं घर पडलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. आदल्या संध्याकाळी त्यांच्या मांजरीनं आपली पिल्लं एकेक करून तोंडात धरून मोकळ्या रानात नेली आणि घरातले सगळे हसले. हसणाऱ्यांतली दोन माणसं सकाळी नव्हती. तेव्हापासून मांजर नसलेल्या घरात सुनंदा झोपत नाही.

विष्णुपुरीचं आमचं घर पत्र्याचं, त्यामुळं निभावलं. पण आमच्या लेकीला, पल्लवीला, लातूरच्या क्लासला प्रवेश मिळाला आणि खोली मिळाली दुसऱ्या मजल्यावर. डोक्यावर स्लॅब, त्यावर अजून एक स्लॅब. पोरगी एकटी राहायला तयार नव्हती. शेवटी सुनंदा म्हणाली, "मनी येत असंल तर मी येते."

घरमालक काळे सर, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मांजर चालेल, घाण चालणार नाही. एक तक्रार आली की खोली रिकामी."

म्हणजे पल्लवीचं डॉक्टर होणं सुनंदावर, सुनंदाचं राहणं मनीवर, आणि मनीचं राहणं ती कुठं बसते त्यावर!

*

मनी अंगणात वाढलेली. बाल्कनीत घमेल्यात माती ठेवली, तर लातूरची माती तिनं हुंगली आणि पाठ फिरवून सरळ गादी उकरायला गेली. मग दर शनिवारी मी आमच्या अंगणातली माती पिशवीत भरून एसटीनं न्यायला लागलो. लोक बायकोकडे जाताना मिठाई नेतात.

एकदा कंडक्टरनं पिशवी चाचपून विचारलं, काय आहे. मी म्हणालो, माती.

"माती कशाला नेऊन राहिले? लातुरात माती न्हाई का?"

"आहे, पण मांजराला चालत नाही."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि शेजारच्या बाईंना उठवून दुसऱ्या सीटवर बसवलं.

*

मनीचं टाइमटेबल पल्लवीनं केलं. घमेलं रोज वीतभर संडासाकडे सरकवायचं, आत पोचलं की रोज मूठभर माती कमी करायची, शेवटी घमेलंच काढायचं. क्लासची टेस्ट रविवारी, म्हणून मनीचीही रविवारी. भिंतीवर दोघींच्या मार्कांचा एकच तक्ता.

दिवाळीनंतर मनी दहापैकी आठवर गेली आणि पल्लवी रँकमध्ये खाली यायला लागली. आई दाराच्या चौकटीत झोपते, चपलांची तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवते, हे रोज बघून पोरीचा तरी काय अभ्यास होणार? नांदेडला मला जेवण जात नव्हतं. एका शनिवारी चिडून मी म्हणालो, त्या मनीकडे बघ जरा.

पल्लवी शांतपणे म्हणाली, "पप्पा, तिला एकच विषय आहे."

*

मनी पास झाली, पण तिला दार उघडं लागायचं. एका रविवारी सकाळी मी संडासात गेलो आणि सवयीनं आतून कडी लावली. मनीला नेमकी तेव्हाच घाई. ती दारावर नखं मारत अशी ओरडली, की सुनंदाला दुसरं काही सुचलंच नाही. पल्लवीचा दंड धरून, पळा पळा म्हणत ती जिना उतरली. मागोमाग खालच्या शबानाभाभी हातात कुकर घेऊन, त्यांच्यामागं बाकी सगळे. मी बाहेर आलो तेव्हा इमारतीत मी आणि मनी दोघंच. ती आत गेली आणि तिनं काम उरकलं.

खाली काळे सर तापले होते. पोरांचा अभ्यास बुडाला, खोली रिकामी करा म्हणाले. शबानाभाभी शिलाईकाम करायच्या, कधी वर मान करून बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या.

"सर, मांजर ओरडलं म्हनून तुमी बी पळालेच की. उद्या खरंच झालं तर कोन सांगनार? राहू द्या."

सरांच्या एकाच पायात चप्पल होती. ते दुसरी शोधायला लागले. त्या दिवसापासून जिन्यात जो तो सुनंदाला विचारायचा, मनी बसली का? बसली म्हटलं की माणूस निवांत वर जायचा. सरसुद्धा.

*

परीक्षेला दोन दिवस होते. मी रजा टाकून आलो होतो. दुपारची वेळ. सुनंदा तांब्यावर एक वाटी उपडी घालून ठेवायची, जमीन हलली तर कळावं म्हणून. ती वाटी वाजायला लागली. मग खालून गुरगुर आली आणि बंद पंखा हलला. मी पल्लवीला घेऊन खाली पळालो. सगळी इमारत रस्त्यावर आली. सुनंदा नव्हती. एरवी तीच सगळ्यांच्या आधी असायची.

मी तसाच वर चढलो. सुनंदा संडासाच्या दाराशी उभी होती, एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात पाण्याचा मग. आत मनी बसली होती, शेपूट ताठ, डोळे अर्धे मिटलेले. मी म्हणालो, अगं चल खाली.

"थांबा. तिचं होऊ द्या."

मनीचं झालं. बाहेर येऊन ती चौकटीत पंजा चाटत बसली. सुनंदानं मगभर पाणी टाकलं, हात धुतले आणि बाल्कनीत गेली. खाली सगळे माना वर करून तिच्याकडे बघत होते.

"पल्ले, वर ये गं," ती म्हणाली. "परवा पेपर हाय."

पहिली पायरी काळे सर चढले.